कमी चालणाऱ्या गाडीचं इंजिन ऑइल: कोणतं घ्यायचं, कधी आणि कसं बदलायचं

‘वर्षभरात गाडी जेमतेम दीड हजार किलोमीटर फिरली, मग ऑइल कशाला बदलायचं?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण बहुतेक गाड्यांच्या पुस्तिकेत ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते’ अशा धर्तीचं वाक्य असतं. त्यातला किलोमीटरचा आकडा आपल्या ध्यानात राहतो. क्वचित चालणाऱ्या गाडीला मात्र त्या वाक्याचा उरलेला भाग लागू पडतो. कंपन्यांना सर्व्हिसचा धंदा हवा म्हणून वर्षाची अट घातली आहे, असंही काही जण म्हणतात. ही अट कुठे जादा कडक आहे आणि कुठे उलट अपुरी पडते, हे इंजिनात काय घडतं ते पाहिलं की आपोआप कळतं.

ऑइलमध्ये नेमकं काय बिघडतं

ऑइल नुसतं उभ्याउभ्या फारसं खराब होत नाही. सीलबंद कॅन कोरड्या, सावलीच्या जागी ठेवला तर साधारण पाच वर्षं टिकतो. ऑइलचं खरं ऑक्सिडेशन उष्णतेने होतं, आणि उभ्या गाडीत उष्णता कुठून येणार? त्रास होतो तो ऑइलमध्ये येऊन मिसळलेल्या गोष्टींचा.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफेच्या रूपात असतं आणि त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून बाहेर पडतं. पण थोडा वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली, ऑइलच्या चेंबरकडे उतरतो. इंजिन गरम असेल तर ही वाफ पुन्हा शोषली जाऊन जळायला जाते. थंड असेल तर आतल्या भिंतींवर दव धरतं आणि थेंब थेंब ऑइलमध्ये पडतं. थंड इंजिनाला सुरू होताना पेट्रोलही जास्त लागतं. त्यातलं न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळतं आणि ऑइल पातळ करतं. शिवाय ज्वलनातून येणारे वायू आणि ओलावा मिळून आम्ल तयार होतं. या आम्लाला मारण्यासाठी ऑइलमध्ये अल्कधर्मी रसायनं घातलेली असतात, पण ती मोजकी असतात आणि वापरली जातात तशी संपतात. ती संपली की आम्ल बेअरिंगच्या मऊ धातूकडे वळतं.

गाडी सलग अर्धा-पाऊण तास चांगल्या वेगाने चालली की ऑइल ९० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. मग पाणी आणि पेट्रोलचा हलका अंश उडून जातो. दोन-तीन किलोमीटरच्या फेरीत हे घडतच नाही. इथे तापमानाचा काटा फसवतो. तो कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान दाखवतो, आणि ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. काटा मध्यावर आला म्हणजे ऑइल तापलं, असं नाही.

म्हणून ‘कमी चालणारी गाडी’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गाड्या येतात. पहिली महिन्यातून एकदोनदाच निघते, पण निघाली की शंभर किलोमीटर जाऊन येते. हिचं ऑइल बऱ्यापैकी सुखात असतं. दुसरी रोज निघते, पण कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते. वर्षाचे किलोमीटर दोघींचे सारखे भरले तरी दुसरीच्या ऑइलची अवस्था कितीतरी वाईट असते. अनेक कंपन्या आठ किलोमीटरहून छोट्या फेऱ्या वारंवार होत असतील तर तो ‘खडतर वापर’ धरतात आणि सर्व्हिसचा कालावधी कमी करून देतात. मीटर पाहून हे कुणाच्या मनातही येणार नाही. तिसरी गाडी महिनोन्‌महिने बंदच असते, तिच्याबद्दल पुढे.

कधी बदलायचं

पहिल्या प्रकारच्या गाडीला वर्षातून एकदा पुरे. पुस्तिकेत दोन वर्षांची मुभा असेल आणि गाडी खरोखर लांब पल्ल्यालाच निघत असेल, तर ती मुभा घ्यायला माझी हरकत नाही. दुसऱ्या प्रकारच्या गाडीला सहा महिने हा सुरक्षित हिशेब. मीटरवर हजार किलोमीटरही वाढले नसले तरी चालेल, बदला.

तिसऱ्या गाडीच्या बाबतीत लोक बहुधा उलटं करतात. गाडी चारसहा महिने बंद ठेवायची, बाहेर काढताना ऑइल बदलायचं. त्यापेक्षा ठेवण्याआधी बदला. जुन्या ऑइलमधलं आम्ल आणि ओलावा इतके महिने बेअरिंगांवर बसून राहण्यापेक्षा ताजं ऑइल राहिलेलं बरं. बदलल्यावर गाडी एकदा नीट गरम होईपर्यंत चालवा, मगच झाकून ठेवा. अधूनमधून पाच मिनिटं सुरू करून बंद करण्याची सवय तर सोडूनच द्या. त्याने ऑइल तापत नाही, फक्त आणखी पाणी आणि पेट्रोल त्यात जातं, वर सेल्फ मारताना खर्ची पडलेली बॅटरीही पुरती भरून येत नाही. चालवायची तर अर्धा-पाऊण तास चालवा, नाहीतर हात लावू नका.

रंगावरून ठरवू नका. डिझेल इंजिनात नवं ऑइल थोड्याच अंतरात काळं होतं, आणि पेट्रोल गाडीत सोनेरी दिसणारं ऑइलही पाण्याने भरलेलं असू शकतं. पाहायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. डिपस्टिकला (ऑइलची पातळी पाहायच्या पट्टीला) पेट्रोलचा वास येतो का? पातळी खाली जाण्याऐवजी वर चढली आहे का? चढली असेल तर ऑइलमध्ये इंधन किंवा पाणी उतरतंय. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून लोण्यासारखा पिवळट-पांढरा थर दिसला तर घाबरू नका. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत तो दवामुळे धरतो आणि एखाद्या लांब प्रवासानंतर बहुधा नाहीसा होतो. तोच दुधट रंग डिपस्टिकवरही असेल आणि कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) गेल्याची शंका घ्यायला हवी. मग ऑइल बदलून भागत नाही आणि गाडी चालवूही नये.

काजळी जाळणारा डीपीएफ फिल्टर असलेल्या डिझेल गाडीचं दुखणं आणखी निराळं. फिल्टर साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. फेरी छोटी असेल तर हे काम अर्ध्यात थांबतं आणि अनेक गाड्यांत ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा गाडीची डिपस्टिक महिन्यातून एकदा पाहाच. हायब्रीड गाडीचं इंजिन तर चालत्या गाडीतही मधूनमधून थांबतं, त्यामुळे तापायला आणखी वेळ घेतं. तिचेही किलोमीटर फसवेच.

कोणतं ऑइल घ्यायचं

पहिलं उत्तर पुस्तिकेत आहे, दुकानाच्या फळीवर नाही. पुस्तिका दोन गोष्टी सांगते: ग्रेड आणि दर्जा. ग्रेड म्हणजे ५डब्ल्यू-३० सारखा आकडा. ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत सहज वाहतं. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० आणि उणे ३५ अंशांवर होते, १०डब्ल्यूची त्याहून पाच-पाच अंश वर. नंतरचा आकडा तापलेल्या ऑइलचा दाटपणा सांगतो. ३० ग्रेडच्या ऑइलची स्निग्धता, म्हणजे हा दाटपणा, १०० अंशांवर ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ४० ग्रेडची १२.५ ते १६.३.

कमी चालणाऱ्या गाडीचं बहुतेक आयुष्य थंड इंजिन सुरू करण्यात जातं. म्हणून पुस्तिकेने एकाहून जास्त ग्रेड दिल्या असतील, तर पहिला आकडा लहान असलेली निवडा. १०डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० दोन्ही चालत असतील तर ५डब्ल्यू-४०. सुरू केल्यापासून वरच्या कॅमशाफ्टपर्यंत (झडपा उघडणाऱ्या दांड्यापर्यंत) ऑइल पोहोचायला लागणारा वेळ त्याने थोडा कमी होतो. दुसऱ्या आकड्याशी मात्र खेळू नका. ‘गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल घाला’ हा सल्ला फुकट आणि मुबलक मिळतो. इंजिन खरोखर ऑइल पीत असेल तरच, आणि पुस्तिकेने परवानगी दिलेल्या मर्यादेतच, त्याचा विचार करावा. गाडी नुसती जुनी आहे, पण फिरलेली कमी आहे, तर तिच्या आतल्या फटी अजून नव्यासारख्याच आहेत.

दर्जाची खूण कॅनच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते. एपीआयच्या (अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेच्या) पद्धतीत पेट्रोल इंजिनाला ‘एस’ आणि डिझेलला ‘सी’ने सुरू होणारी अक्षरं. पेट्रोलसाठी एसएन २०१० चा, एसपी २०२० चा, एसक्यू २०२५ चा दर्जा. पुढचं अक्षर मागच्याची जागा घेतं, म्हणजे पुस्तिकेत एसएन लिहिलं असेल तर एसपी बिनधास्त चालतं, उलट नाही. टर्बो आणि थेट इंजेक्शनच्या इंजिनांसाठी एसपीमध्ये अवेळी पेट घेण्यापासून आणि टायमिंग चेनच्या झिजेपासून संरक्षण वाढवलेलं आहे. युरोपीय धाटणीच्या गाड्यांना एसीईएचे (युरोपातल्या वाहन उत्पादकांच्या संघटनेचे) दर्जे लागतात. त्यातला ‘सी’ गट डीपीएफसारखे फिल्टर असलेल्या गाड्यांचा. तिथे चुकीचं, जास्त राख करणारं ऑइल घातलं तर फिल्टर हळूहळू बुजतो. एपीआयचा ‘सी’ आणि एसीईएचा ‘सी’ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, हे दुकानात ध्यानात असू द्या. काही कंपन्या स्वतःचा मंजुरी क्रमांकही मागतात. कॅनवर ‘अमुक क्रमांकाला मंजुरी’ आणि ‘अमुक क्रमांकाच्या गाड्यांना योग्य’ यांत फरक आहे. पहिलं गाडीच्या कंपनीचं म्हणणं, दुसरं ऑइल विकणाऱ्याचं.

एक आडवळण जुन्या शौकिनांच्या गाड्यांसाठी, कारण त्या हमखास कमी चालतात. जुन्या पद्धतीच्या सपाट टॅपेटच्या इंजिनांना झिंक-फॉस्फरसचं झीजरोधक रसायन भरपूर लागतं. एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी एसएनच्या आधीच्या एसएमपासून पुढच्या दर्जांत पातळ ग्रेडच्या ऑइलमधला फॉस्फरस जास्तीत जास्त ०.०८ टक्क्यांवर आणला गेला. अशा इंजिनाला आजचं सर्वांत नवं अक्षर सर्वांत चांगलं असेलच असं नाही. क्लासिक गाड्यांसाठी वेगळं ऑइल मिळतं, ते शोधा.

आता मिनरल की सिंथेटिक? पुस्तिका सिंथेटिक मागत असेल, टर्बो असेल किंवा कडाक्याची थंडी असेल, तर प्रश्नच नाही, सिंथेटिक. ते थंडीत लवकर वाहतं आणि उष्णता जास्त सोसतं. पण ‘महागाचं फुल सिंथेटिक घातलंय, आता तीन वर्षं बघायला नको’ हा हिशेब कमी चालणाऱ्या गाडीला लागू नाही. पाणी आणि पेट्रोल महागाच्या ऑइलमध्येही तितक्याच सहज मिसळतं. लांब टिकणारं ऑइल घेऊन वर्षांनुवर्षं ठेवण्यापेक्षा दर्जात बसणारं साधं ऑइल वेळेवर बदललेलं मला केव्हाही पसंत. वरून घालायच्या ‘इंजिन टॉनिक’ बाटल्या आणि इंजिन धुण्याची रसायनं पूर्ण टाळा. कित्येक वर्षं साठलेला गाळ एकदम सुटला तर तो ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो.

फिल्टर दर वेळी बदला. आडवा किंवा तोंड खाली करून बसवलेल्या फिल्टरमध्ये एक रबरी पडदा असतो, तो गाडी बंद असताना ऑइल परत खाली वाहू देत नाही. दोन आठवडे उभी राहिलेली गाडी सुरू करताना हाच पडदा उपयोगी पडतो. साधं रबर कालांतराने कडक होतं, सिलिकॉनचं जास्त दिवस लवचीक राहतं. निवड असेल तर सिलिकॉनवाला घ्या.

बदलण्याची तयारी

लागणारं सामान: पुस्तिकेत दिलेल्या मापापेक्षा थोडं जास्त ऑइल, फिल्टर, ड्रेन प्लगचा (ऑइल खालून काढायच्या बुचाचा) नवा वॉशर, बरोबर मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट, फिल्टरचा पाना, सगळं ऑइल मावेल असं पसरट भांडं, नरसाळं, फडकी, नायट्राईलचे हातमोजे. शक्य असेल तर टॉर्क रेंच (ठरावीक ताणाइतकंच आवळता येणारा पाना). मोजे हौस म्हणून नाहीत. वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगकारक घटक असतात आणि ते वारंवार कातडीला लागू देऊ नये.

बदलण्याआधी गाडी पंधरावीस मिनिटं रस्त्यावर चालवा. जागेवर सुरू ठेवून काम भागत नाही. तळाशी बसलेलं पाणी आणि गाळ ढवळून ऑइलमध्ये मिसळले पाहिजेत, तरच ते त्याच्याबरोबर बाहेर येतील. मग सपाट, कठीण जागेवर उभी करून दहा-पंधरा मिनिटं थांबा. ऑइल कोमट असलं तर चांगलं, उकळतं हात भाजेल.

हँडब्रेक ओढा, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना ठोकळे लावा, जॅकने उचला आणि लगेच जॅक स्टँडवर उतरवा. नुसत्या जॅकवर पेललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. हात घालण्यापुरतंही नाही. स्टँड नसेल तर रॅम्प वापरा, तोही नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

डिपस्टिकच्या नळीतून ऑइल ओढणारा पंप मिळतो आणि काम स्वच्छ होतं. तरीही या गाडीसाठी मी खालून काढण्याच्याच बाजूचा आहे. पाणी ऑइलपेक्षा जड, ते चेंबरच्या अगदी तळाशी असतं, आणि नळी तिथवर पोहोचेलच याची खात्री नाही.

प्रत्यक्ष काम

आधी बॉनेट उघडून ऑइल भरायचं झाकण काढा. हवा आत गेली की ऑइल गुळगुळ न करता वाहतं, आणि झाकण अडकलेलं असेल तर ते आधीच कळतं. मग खाली जाऊन ड्रेन प्लग ओळखा. काही गाड्यांत गिअरबॉक्सचा प्लग शेजारीच असतो आणि अनेकांनी तोच खोललेला आहे. शंका असेल तर पुस्तिकेतलं चित्र पाहा.

भांडं थोडं पुढे सरकवून ठेवा, कारण पहिली धार सरळ खाली न पडता तिरकी उडते. पान्याने प्लग सैल करा, शेवटचे आटे हाताने सोडवा आणि सोडवताना प्लग आत दाबून धरा. पूर्ण सुटला की झटकन बाजूला घ्या. दहापंधरा मिनिटं निथळू द्या. तेवढ्यात प्लग फडक्यावर पुसून पाहा. करड्या रंगाची बारीक पूड असेल तर ती नेहमीची झीज. चमकणारे कण किंवा कपचे दिसले तर मेकॅनिकला दाखवा. सुरुवातीला ऑइलऐवजी पाण्याचे थेंब आले, तर तुमच्या फेऱ्या किती छोट्या आहेत ते समजा आणि पुढचा कालावधी कमी करा.

नवा वॉशर घालून प्लग हाताने बसवा. पहिले आटे अजिबात जोर न लावता फिरायला हवेत. अडलं तर मागे घ्या आणि पुन्हा लावा. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की खर्च ऑइलच्या कितीतरी पट होतो. अखेरचा ताण पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे द्या. अनेक गाड्यांत तो २५ ते ४० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, म्हणजे लोकांना वाटतो त्याहून कमी. अंगातली ताकद इथे दाखवायची नाही.

फिल्टर सोडवताना थोडं ऑइल सांडणारच, भांडं खाली राहू द्या. जुन्या फिल्टरची रबरी रिंग त्याच्याबरोबर निघाली का, हे बोट फिरवून पाहा. ती इंजिनाला चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली, तर सुरू करताच ऑइलचा फवारा उडतो. नव्या फिल्टरच्या रिंगेवर ताजं ऑइल बोटाने चोळा. तोंड वर करून बसणारा फिल्टर असेल तर त्यात थोडं ऑइल आधीच भरा. रिंग टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग साधारण पाऊण फेरा आणखी, तोही हातानेच. कागदी काडतूस आणि झाकण अशी रचना असेल तर झाकणाची रिंग बदला. ताणाचा आकडा बहुधा झाकणावरच छापलेला असतो.

आता भरायचं. पुस्तिका चार लिटर म्हणत असेल तर आधी साडेतीनच ओता. झाकण लावा, इंजिन सुरू करा, रेस करू नका. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझायला हवा. दहा सेकंदांत विझला नाही तर बंद करा आणि कारण शोधा. मिनिटभर चालू देऊन प्लग आणि फिल्टरजवळ गळती पाहा. मग बंद करून पाचदहा मिनिटं थांबा, गाडी स्टँडवरून सपाट जमिनीवर उतरवा आणि डिपस्टिक पाहा. थोडंथोडं ओतत पातळी वरच्या खुणेच्या किंचित खाली आणा. खुणेच्या वर नको. जास्त ऑइल फिरत्या क्रँकशाफ्टने घुसळलं जातं, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत इंधनामुळे पातळी आपोआप चढते, त्यामुळे थोडी जागा मोकळी असलेलीच बरी. डिपस्टिक नसलेल्या गाडीत पडद्यावरची मोजणी पुस्तिकेत सांगितलेल्या क्रमानेच करा.

सर्व्हिसची आठवण शून्यावर आणा. पण गाडी फक्त किलोमीटर मोजणारी असेल तर तिच्यावर विसंबू नका. तारीख आणि ऑइलचा ग्रेड-दर्जा लिहिलेली चिठ्ठी बॉनेटखाली चिकटवा. आठवड्याने, थंड इंजिनावर, पातळी पुन्हा एकदा पाहा आणि गाडीखालची जमीनही.

राहिलं जुनं ऑइल. ते रिकाम्या कॅनमध्ये भरा आणि झाकण घट्ट लावा. त्यात कूलंट, पेट्रोल, ब्रेक ऑइल यातलं काहीही मिसळू नका, कारण मिसळलेलं ऑइल पुनर्वापराला घेतलं जात नाही. फिल्टर तोंड खाली करून रात्रभर निथळू द्या आणि त्यातलं ऑइलही त्याच कॅनमध्ये टाका. गटारात, मातीत किंवा कचऱ्यात ओतू नका, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासूही नका. वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजला किंवा अधिकृत केंद्राला कॅन आणि फिल्टर दोन्ही नेऊन द्या.